छातीची सूज, लघवीतलं रक्त आणि १,८४० हा आकडा: सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, त्यातला माणूस कोणी एक नाही. आकडे, औषधांच्या मात्रा आणि चुकांची साखळी मात्र या आजारात, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात, दिसते तशीच ठेवली आहे.

रुग्ण ५८ वर्षांचा पुरुष. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं सूत रंगवणाऱ्या डाय हाऊसमध्ये तीस वर्षं काम. रोज एक-दीड बंडल विडी. उंची १६२ सेंमी, वजन ५६ किलो. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५ मिग्रॅ, बाकी गोळी नाही.

एप्रिलमध्ये दोन दिवस लघवी लाल झाली. दुखलं नाही, ताप नाही. सोलापूरचा एप्रिल, त्यात वाफेशेजारी उभं राहायचं काम, म्हणून घरच्यांनी ‘उन्हाळी लागली’ असं ठरवून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि लघवी कल्चरला पाठवली. रक्त थांबलं. कल्चरमध्ये काहीच वाढलं नव्हतं, पण तो रिपोर्ट आला तेव्हा रुग्ण कामावर परतला होता आणि कागद फाइलमध्ये गेला.

पहिली गफलत इथली. उन्हाळीत आग होते, थेंबथेंब लघवी होते, सारखं जावं लागतं. आग न होता नुसतं रक्त जाणं ही उन्हाळी नव्हे. मूत्राशयाच्या गाठीतून येणारं रक्त आपोआप थांबतं, महिना-दोन महिने येतही नाही, आणि मधल्या काळात जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते अँटिबायोटिक असो की सब्जा. चाळिशी ओलांडलेल्या, विडी ओढणाऱ्या, रंगात काम केलेल्या माणसाला एकदा जरी वेदनेशिवाय रक्त गेलं तरी दुर्बिणीने मूत्राशय पाहायलाच हवा. बेन्झिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे १९९० च्या दशकात बंदी आली. पण अशा रसायनांचा परिणाम मूत्राशयावर दिसायला वीस-तीस वर्षं लागू शकतात, त्यामुळे ‘आता ते रंग कुठे वापरतात’ हे उत्तर या वयाच्या कामगाराला लागू पडत नाही.

जुलै: बनियन घासतं

जुलैत तक्रार वेगळीच होती. दोन्ही स्तनाग्रांना बनियन घासलं की दुखायचं. तपासताना दोन्ही बाजूंना स्तनाग्राच्या बरोबर खाली जेमतेम तीन सेंटिमीटरची, चकतीसारखी, रबरी, दाबल्यावर दुखणारी गाठ लागली. चरबी असती तर अशी कडा हाताला लागत नाही.

फिजिशियननी यकृत, थायरॉइड आणि हार्मोनच्या तपासण्या एकदमच मागवल्या. टेस्टोस्टेरॉन ८९० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे या वयाला चांगलंच वरचं. एलएच, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं वृषणांना चालवणारं हार्मोन, ०.२, म्हणजे जवळजवळ शून्य. इस्ट्राडिओल हे स्त्री-हार्मोन ७८ पिकोग्रॅम, पुरुषांत ते ४० पिकोग्रॅमच्या आत असायला हवं. थायरॉइडचं टीएसएच नॉर्मल. एलएच खाली आणि टेस्टोस्टेरॉन वर, याचा अर्थ वृषणांना पिट्युटरी सोडून दुसरंच कोणीतरी हुकूम देतंय. ते काम एचसीजी हे हार्मोन करतं, कारण त्याचा साचा एलएचसारखाच असतो. बीटा-एचसीजी आलं १,८४० मिलीयुनिट प्रति मिलिलिटर. पुरुषात ते दोनच्या आत असतं.

रिपोर्टवर आकड्याखाली छापील तक्ता होता: गरोदरपणाचा तिसरा आठवडा, चौथा, पाचवा. मुलगा तो कागद घेऊन परत काउंटरवर गेला. “साहेब, वडिलांचा रिपोर्ट दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलाय का बघा की.” त्याची शंका वेडगळ नव्हती. बहुतेक लॅबच्या संगणकात या तपासणीचा संदर्भ तक्ता गरोदर बाईचाच भरलेला असतो. घरच्यांना एवढंच सांगावं: हे हार्मोन वार (प्लॅसेंटा) बनवते म्हणून ते गरोदरपणात सापडतं, काही गाठींच्या पेशी वारेच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तेच हार्मोन बनवतात. याचा पुरुषत्वाशी काही संबंध नाही. हे वाक्य रुग्णाने विचारायच्या आधी बोलावं, कारण तो विचारत नाही.

आकडा खरा आहे का हे पाहायची सोपी रीत आहे. एचसीजी मोजणारं किट दोन अँटिबॉडींच्या मध्ये हार्मोन पकडतं. काहींच्या रक्तात या अँटिबॉडींना आपसात चिकटवणारी स्वतःचीच प्रथिनं असतात, आणि हार्मोन नसतानाही आकडा वाढतो. ही प्रथिनं मोठी असल्याने लघवीत उतरत नाहीत. म्हणून मेडिकलमधून यूपीटी कार्ड, म्हणजे लघवीवर गरोदरपण तपासायची पट्टी, आणलं, तीन थेंब टाकले. दोन गुलाबी रेघा उठल्या. त्या दिवशी लघवीत रक्त नव्हतं हे आधी पाहिलं होतं. रक्त असतं तर या परीक्षेला अर्थ उरला नसता. शिवाय लॅबला नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून मोजायला सांगितलं. आकडे ९३०, ४५५, २३४ असे सरळ उतरले. खोटा आकडा असा शिस्तीत उतरत नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांत याच प्रकारच्या काही किटवर आकडा खोटा कमी येतो, तेही विचारून घेतलं.

बीईपीपासून थोडक्यात वाचलेला रुग्ण

पुरुषात एचसीजी वाढलं की मन आधी वृषणाच्या गाठीकडे जातं, आणि विशी-तिशीत ते बरोबरच असतं. इथे वृषणांची सोनोग्राफी स्वच्छ होती. मग पोटामागच्या किंवा छातीतल्या जर्म सेल ट्यूमरचा, म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या गाठीचा, संशय आला आणि ‘आकडा वाढतोय, बायोप्सीला थांबू नका, बीईपी सुरू करा’ असा सल्ला पुढे आला. बीईपी म्हणजे अशा गाठींवरची तीन औषधांची किमो.

हा सल्ला हवेतला नव्हता. पंचवीस वर्षांच्या मुलाची फुप्फुसं गाठींनी भरली असतील आणि एचसीजी प्रचंड असेल तर बायोप्सीशिवाय उपचार सुरू करतात, आणि त्याने जीव वाचतात. पण तोच नियम ५८ वर्षांच्या माणसावर लावला की पाय घसरतो. या वयात पहिल्यांदा होणारा जर्म सेल ट्यूमर विरळा. दुसऱ्याच अवयवाच्या कॅन्सरने एचसीजी बनवण्याची शक्यता जास्त. शिवाय या रुग्णाचं क्रिएटिनिन १.७ होतं. बीईपीमधलं ब्लिओमायसिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद, वय पन्नाशीपुढे आणि फुप्फुसं विडीची, असं तिन्ही जुळलं तर त्या औषधाने फुप्फुसं कडक होऊन माणूस कॅन्सरआधीच जाऊ शकतो.

क्रिएटिनिन का वाढलं हे कोणीतरी विचारलं, म्हणून सीटी झाला. मूत्राशयाच्या उजव्या भिंतीवर ४.६ सेंमीची गाठ, उजवं मूत्रपिंड फुगलेलं, उजव्या इलियाक रक्तवाहिनीशेजारी १.४ सेंमीची लसिकाग्रंथी, डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ६ मिमीचा ठिपका. एप्रिलच्या लाल लघवीची आठवण त्या दिवशी निघाली. तोवर फिजिशियनच्या कागदावर ती कुठेच नव्हती, कारण छाती दुखते म्हणून आलेला माणूस लघवीचं आपणहून सांगत नाही.

दुर्बीण, आणि तुकड्यांचं काय झालं

ऑगस्टच्या मध्यात टीयूआरबीटी, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढायची शस्त्रक्रिया, झाली. गाठ बाजूच्या भिंतीवर असली की करंट देताना मांडीची ऑब्ट्युरेटर नर्व्ह चमकते, मांडी झटकन आत येते आणि कापणाऱ्या तारेचा लूप भिंतीपार जाऊ शकतो. नुसता स्पायनल, म्हणजे कमरेतली भूल, इथे पुरत नाही. स्पायनलसोबत त्या नर्व्हला बधिर करणारा ब्लॉक द्यावा, नाहीतर पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध. इथे ब्लॉक दिला. बायपोलर लूप, सलाइन. गाठ देठाची नव्हती, रुंद बुडाची, काळपट लाल, मधे सडलेली, आणि हात लावताच भळभळणारी. कोरिओकार्सिनोमाचा, म्हणजे वारेसारख्या पेशींच्या कॅन्सरचा, भाग असलेल्या गाठी अशा वाहतात, म्हणून दोन बाटल्या रक्त आधीच जुळवून ठेवलेलं होतं. बुडाच्या स्नायूचे तुकडे वेगळ्या डबीत घेतले. ते एकत्र टाकले तर गाठ स्नायूत शिरली आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्टला छातीठोक सांगता येत नाही.

पहिला रिपोर्ट आला: हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा (मूत्राशयाच्या अस्तराचा नेहमीचा कॅन्सर), स्नायूत शिरलेला. एवढंच. एचसीजीचा उल्लेख नाही, कारण फॉर्मवर तो कोणी लिहिलाच नव्हता. क्लिनिकल माहितीच्या रकान्यात दोन शब्द होते: ‘मूत्राशयात गाठ’. एकूण तुकडे २२ ग्रॅम, त्यातले आठ कॅसेट (तपासणीच्या छोट्या डब्या) भरतील एवढेच पुढे गेले, बाकी फॉर्मलिनमध्ये राहिले. रोजच्या कामात हे चुकीचं नाही. पण वारेसारख्या पेशी गाठीत सारख्या पसरलेल्या नसतात. त्या रक्ताळलेल्या, सडलेल्या भागाच्या कडेला असतात, आणि ‘नुसतं रक्त आणि मृत पेशी’ म्हणून सोडला जातो तो नेमका तोच भाग.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी एचसीजी १,२१० होतं. हे हार्मोन रक्तात साधारण दीड दिवसात निम्मं होतं. गाठ पूर्ण निघाली असती तर पाच दिवसांत १,८४० चे दोनशेच्या आत यायला हवे होते. म्हणजे बरीच गाठ अजून आत होती. ती कसली, हे तेव्हा माहीत नव्हतं. पॅथॉलॉजिस्टना फोन गेला, आकडा सांगितला, आणि उरलेले सगळे तुकडे भरले. एकूण १९ कॅसेट झाले. पंधराव्या कॅसेटमध्ये रक्ताच्या डबक्याच्या काठावर अनेक केंद्रकांच्या मोठ्या, कडा फाटल्यासारख्या पेशी दिसल्या. एचसीजीच्या डागाने त्या गडद तपकिरी झाल्या. शेजारी नेहमीचा युरोथेलियल कॅन्सर होता आणि भिंतीच्या अस्तरात कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे अस्तरापुरताच राहिलेला कॅन्सर. अंतिम नाव: ट्रॉफोब्लास्टिक डिफरन्सिएशन असलेला (वारेसारख्या पेशी बनवणारा) युरोथेलियल कार्सिनोमा.

एक सापळा जाणकारांनाही लागतो. पेशी कुठल्या हे ओळखायचा गाटा-३ डाग उठला की युरोथेलियल, असं आपण सरावाने म्हणतो. पण वारेच्या पेशींतही गाटा-३ उठतो. म्हणून मोठ्या पेशींवर गाटा-३ पाहून त्या मूत्राशयाच्याच आहेत असा निकाल देता येत नाही. निकाल दिला तो शेजारच्या नेहमीच्या कॅन्सरने, अस्तरातल्या कार्सिनोमा इन सिटूने, काही जर्म सेल ट्यूमरमध्ये उठणारा ऑक्ट-४ डाग निगेटिव्ह असण्याने आणि फिश या गुणसूत्रांच्या तपासणीत आयसोक्रोमोसोम १२पी हा बदल न सापडण्याने. बहुतेक जर्म सेल ट्यूमरमध्ये हा बदल असतो.

मूत्राशयाच्या पुढे गेलेल्या साध्या कॅन्सरमध्येही एचसीजीचा नुसता बीटा तुकडा थोडा वाढलेला सापडतो, पण तो एकटा तुकडा वृषणांना हुकूम देऊ शकत नाही. छाती सुजली याचा अर्थ अख्खं हार्मोन तयार होत होतं. म्हणून साध्या स्लाइडवर समाधान न मानता बाकीचे तुकडे भरण्याची चिकाटी ठेवायची ती छातीच्या सुजेवरून.

किमोआधी मूत्रपिंड

वय ५८, वजन ५६, क्रिएटिनिन १.७: १४० वजा ५८ म्हणजे ८२, ८२ गुणिले ५६, भागिले (७२ गुणिले १.७), म्हणजे क्लिअरन्स, मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, मिनिटाला ३७ मिलि. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या किमोतल्या सिस्प्लॅटिनला साठ लागतं. इथे मूत्रपिंडाला सौम्य कार्बोप्लॅटिनवर उतरणं सोपं असतं आणि बरेच जण उतरतात. पण हे मूत्रपिंड म्हातारं झालेलं नव्हतं, तुंबलेलं होतं. गाठीमुळे खालून स्टेंट जाईना, म्हणून पाठीतून थेट मूत्रपिंडात पीसीएन ट्यूब, म्हणजे लघवी बाहेर पिशवीत काढणारी नळी, घातली. दहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.०, क्लिअरन्स ६४. घरी जाताना एकच ताकीद दिली: नळी ओढली जाईल असं झोपायचं नाही, आणि पिशवीत सहा तास काहीच आलं नाही तर सकाळची वाट पाहायची नाही.

मेंदूचा एमआरआयही केला, कारण वारेसारख्या पेशी रक्तातून फुप्फुस, यकृत, मेंदूकडे जातात. स्वच्छ होता. उपचाराचा आराखडा मूत्राशयाच्या कॅन्सरचाच ठेवला. शरीराचं क्षेत्रफळ १.५९ चौरस मीटर. पहिल्या आणि आठव्या दिवशी जेमसिटाबिन १,६०० मिग्रॅ, पहिल्या दिवशी सिस्प्लॅटिन ११० मिग्रॅ, दर २१ दिवसांनी, चार फेऱ्या. आधी एक लिटर आणि नंतर एक लिटर सलाइन, सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. मॅग्नेशियम विसरलं की तिसऱ्या फेरीत पोटॅशियम कितीही दिलं तरी वर येत नाही.

एचसीजी पहिल्या फेरीनंतर ४२०, दुसऱ्यानंतर ९६, तिसऱ्यानंतर ३१. पुढच्याच आठवड्यात ते ५८ झालं आणि घरात रडारड. चौकशीत कळलं, घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये ‘पॅकेज’ स्वस्त मिळालं म्हणून नमुना तिकडे दिला होता. एका लॅबचं किट अख्खं हार्मोन मोजतं, दुसऱ्याचं अख्खं अधिक सुटा बीटा तुकडा. कॅन्सरमध्ये सुटा तुकडा भरपूर असतो, म्हणून आकडे जुळत नाहीत. जुन्या लॅबमध्ये परत मोजलं तेव्हा २७ होतं. मार्कर, म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी, एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर करायचा हे पहिल्या दिवशीच फाइलच्या मुखपृष्ठावर लिहावं. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

चौथ्या फेरीनंतर आकडा १४ वर अडकला. किमोने वृषणं थकली की पिट्युटरी जोर लावते आणि स्वतःही थोडं एचसीजी सोडते, पण सहसा एक आकडीच. शंका असेल तर टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन देऊन दोन-तीन आठवड्यांनी परत मोजतात. पिट्युटरीचं असेल तर उतरतं. इथे तो वेळ घालवला नाही, कारण सीटीत भिंत अजून जाड होती. लसिकाग्रंथी सहा मिलिमीटरवर आली होती. फुप्फुसातला ठिपका ६ वरून ३ मिलिमीटर झाला होता, आणि रिपोर्टमध्ये ‘लक्षणीय नाही’ एवढंच लिहिलं होतं. किमोने लहान होणारा ठिपका जुना व्रण नसतो. ते वाक्य कोणीतरी खोडायला हवं होतं.

डिसेंबर ते जून

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मूत्राशय आणि प्रोस्टेट काढून आतड्याच्या तुकड्याची वाट पोटावर आणली. स्टोमाची, म्हणजे त्या वाटेच्या पोटावरच्या तोंडाची, जागा आदल्या संध्याकाळी, रुग्णाला त्याची नेहमीची लुंगी नेसायला लावून, बसवून, वाकवून खूण केली. लुंगीची गाठ जिथे मारतो तिथे स्टोमा आला की पिशवीची चिकटपट्टी चार दिवसही टिकत नाही, आणि सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या घामात तर दोनही नाही.

काढलेल्या मूत्राशयात स्नायूपर्यंत गेलेला १.१ सेंमीचा युरोथेलियल कॅन्सर उरला होता. १८ लसिकाग्रंथी स्वच्छ. वारेसारखी एकही पेशी नाही, पण एचसीजीचा फिकट डाग काही साध्या पेशींतही उठला. अडकलेले १४ बहुधा तिथलेच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात एचसीजी मोजलं तेव्हा दोनच्या आत होतं. किमोनंतरही स्नायूत कॅन्सर उरलेल्यांना वर्षभर निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध देता येतं. या वापराला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. खर्चाचा कागद समोर ठेवल्यावर घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच संपला.

दर महिन्याला एचसीजी आणि दर तीन महिन्यांनी सीटी ठरलं. इथे एक आडवं सांगायला हवं. एचसीजीवर नजर ठेवता येते कारण गाठ ते बनवत होती हे माहीत होतं. मूत्राशयाच्या प्रत्येक रुग्णात एचसीजी, सीईए, एएफपी असे मार्कर मागवत सुटणं म्हणजे पैसे जाळणं. खूण दिसली तर शोधावं: ताप नसताना पांढऱ्या पेशी चाळीस हजारांवर आणि अँटिबायोटिकला दाद नाही, तर गाठ पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ बनवत असेल, हाडं स्वच्छ असताना कॅल्शियम १३, तर कॅल्शियम वाढवणारं पीटीएचआरपी, मूत्राशयाच्या शेंड्यावर चिकट द्रव्याची गाठ, तर युराकसचा (बेंबीकडे जाणाऱ्या गर्भावस्थेतल्या नळीच्या अवशेषाचा) ॲडिनोकार्सिनोमा, आणि त्यात सीईए.

जूनमध्ये एचसीजी ६ आलं. घाई न करता दोन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत: १९. आणखी दोन आठवड्यांनी ४१. सीटीत फक्त एकच गोष्ट बदलली होती, डाव्या फुप्फुसातला तो ठिपका ११ मिमी झाला होता. अशा गाठीत सुई घालणं रक्तस्रावाला आमंत्रण, म्हणून पुण्यात दुर्बिणीने फुप्फुसाचा तेवढा कोपराच काढला. या वेळी फॉर्मवर चार ओळी होत्या: जुन्या तुकड्यांच्या मेणाच्या ब्लॉकचे नंबर, किमोची नावं आणि तारखा, एचसीजी ४१, आणि ‘रक्ताळलेला भाग पूर्ण भरावा’. पाच दिवसांत उत्तर आलं: वारेसारख्या पेशी, कडा स्वच्छ.

गाठ तेवढीच असती तर दहाव्या दिवशी एचसीजी दोनच्या खाली जायला हवं होतं. ते ९ होतं. पुढच्या सोमवारपासून पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं किमो औषध आठवड्याला १२५ मिग्रॅ सुरू झालं.